रेटिक्युलर फॉर्मेशन: मेंदूच्या देठातल्या जाळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर तीन प्रकारचे लोक प्रश्न विचारतात: शरीररचनाशास्त्र शिकणारे विद्यार्थी, झोपेबद्दल कुतूहल असणारे वाचक आणि बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईक. तिघांचे प्रश्न वेगळे असले तरी उत्तरं एकाच अंगठ्याएवढ्या जागेत दडलेली आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतले आहेत.

रेटिक्युलर फॉर्मेशन म्हणजे नेमकं काय?

मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या मधला देठ म्हणजे ब्रेनस्टेम, अर्थात मस्तिष्कस्तंभ. मध्यमेंदू, पॉन्स आणि मेडुला हे त्याचे वरून खाली येणारे तीन भाग. सगळ्यांची मिळून लांबी जेमतेम ७ सेंटीमीटर. या देठात डोळे, चेहरा, जीभ, घसा यांच्या नसांची ठळक केंद्रं आहेत आणि वर-खाली जाणाऱ्या तंतूंचे जाड पट्टे आहेत. हे सगळं बाजूला काढलं की गाभ्यात पेशी आणि तंतू एकमेकांत गुंतलेला एक भाग उरतो. तेच रेटिक्युलर फॉर्मेशन.

‘उरलेला भाग’ या व्याख्येने त्याच्यावर मोठा अन्याय केला आहे. विद्यार्थी आकृतीत ठळक गोळे आणि पट्टे पाठ करतात आणि मधली ठिपक्याठिपक्यांची जागा सोडून देतात. पण ठळक गोळ्यांपैकी एखादा बिघडला तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते किंवा एकाची दोन माणसं दिसू लागतात. ठिपक्यांची ती जागा बिघडली तर माणूस शुद्ध हरपतो किंवा त्याचा श्वास थांबतो.

हे नाव कुठून आलं?

लॅटिनमध्ये रेटिक्युलम म्हणजे छोटी जाळी. एकोणिसाव्या शतकातल्या शरीररचनाकारांना सूक्ष्मदर्शकाखाली उभे-आडवे तंतू आणि त्यांच्यात विखुरलेल्या पेशी जाळीसारख्या दिसल्या. या भागाच्या सुरुवातीच्या वर्णनांचं श्रेय सहसा जर्मन शास्त्रज्ञ ओटो डायटर्स यांना देतात. ते तरुणपणीच वारले आणि त्यांचं काम १८६५ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

आकृतीत याची हद्द दाखवलेली का नसते?

कारण काटेकोर हद्द नाहीच. खाली ते मज्जारज्जूच्या करड्या भागात विरघळत जातं, वर हायपोथॅलॅमस आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोल मध्यभागातल्या भागांच्या दिशेने पसरतं. शेजारच्या काही पेशीपुंजांना यात धरायचं की नाही, यावर पुस्तकापुस्तकांत फरक दिसतो. तुमच्या दोन पुस्तकांत वेगळ्या याद्या असतील तर एक पुस्तक चुकलंय असं समजू नका.

आत काही मांडणी आहे की नुसता गुंता?

मांडणी आहे, आणि ती लक्षात ठेवायला सोपी आहे. मध्यरेषेपासून बाहेर जात तीन उभे स्तंभ मानतात. अगदी मध्यावर रॅफे पेशीपुंज. ग्रीक भाषेत रॅफे म्हणजे शिवण, आणि उजव्या-डाव्या भागांच्या शिवणीवरच ते बसलेले आहेत. मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या बहुतेक पेशी इथल्या. त्याच्या बाहेर मधला स्तंभ, जिथे मोठ्या आकाराच्या पेशी आहेत. वर मेंदूकडे आणि खाली मज्जारज्जूकडे जाणारे लांब तंतू मुख्यतः त्यांचे. सर्वांत बाहेर छोट्या पेशींचा स्तंभ. तो कान, चेहरा, जीभ, आतडी, त्वचा अशा सगळीकडून येणारी माहिती गोळा करतो, आतल्या स्तंभाकडे सरकवतो आणि चावणं, गिळणं यांसारख्या हालचाली जुळवतो. बाहेरचा ऐकतो आणि मधला बोलतो, अशी ढोबळ खूणगाठ बांधायला हरकत नाही.

इथल्या पेशी वेगळ्या कशा?

१९५८ मध्ये स्किबेल दांपत्याने चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची गॉल्जी पद्धत वापरून या पेशींची चित्रं काढली. मोठ्या पेशींच्या शाखा देठाच्या लांबीला काटकोनात, चपट्या चकतीसारख्या पसरलेल्या होत्या. एकावर एक नाणी रचावीत तशा या चकत्या देठभर लागलेल्या असतात. वर-खाली जाणारा प्रत्येक तंतू अशा अनेक चकत्यांमधून जातो आणि जाता जाता त्यांना आपली खबर देतो. शिवाय एकाच पेशीचा मुख्य तंतू दुभंगून एक फाटा वर थॅलॅमसकडे आणि दुसरा खाली मज्जारज्जूकडे जाऊ शकतो.

याचा अर्थ जरा थांबून बघण्यासारखा आहे. डोळ्याकडून दृष्टीच्या कॉर्टेक्सकडे (कॉर्टेक्स म्हणजे मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर) जाणारी वाट नेमकी असते: पडद्याचा अमुक बिंदू, कॉर्टेक्सचा तमुक बिंदू. इथे तसं नाही. एकाच पेशीपर्यंत आवाज, स्पर्श आणि वेदना तिन्ही पोहोचू शकतात. काय घडलं याचे बारकावे तिथे पुसले जातात. काहीतरी घडलंय आणि ते किती तातडीचं आहे, एवढं उरतं. अख्ख्या मेंदूला एकदम सावध करायचं असेल तर असंच जाळं हवं.

‘रेटिक्युलर अ‍ॅक्टिव्हेटिंग सिस्टिम’ म्हणजे हेच का?

पूर्ण हेच नाही. याच्या वरच्या भागातून निघून कॉर्टेक्सला जागं ठेवणारी ती व्यवस्था आहे (इंग्रजी आद्याक्षरांनी आरएएस). तिचा शोध लागण्याची कथा शरीरक्रियाशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कथांपैकी एक आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

१९३५-३६ च्या सुमारास बेल्जियमच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजरांवर दोन प्रयोग केले. एकात मेडुला आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यावर छेद दिला. त्या मांजरांच्या मेंदूलहरींत झोप आणि जाग आलटून पालटून दिसत राहिली. दुसऱ्यात मध्यमेंदूतून छेद दिला. तिथे लहरी कायम गाढ झोपेसारख्या झाल्या. ब्रेमर यांचा निष्कर्ष असा, की दुसऱ्या छेदाने बहुतेक संवेदना तुटल्या आणि संवेदनाच नसल्याने मेंदू झोपला. त्या काळी हा निष्कर्ष तर्काला पटणारा होता.

१९४९ मध्ये इटलीचे जुझेप्पे मोरुझी आणि अमेरिकेचे होरेस मॅगून एकत्र काम करत होते. त्यांनी मांजरांच्या ब्रेनस्टेमच्या गाभ्याला सौम्य विद्युत चेतना दिली, तेव्हा झोपेच्या मोठ्या संथ लहरी जणू गायबच झाल्या. यंत्राची संवेदनशीलता वाढवल्यावर दिसलं, की त्यांच्या जागी छोट्या, वेगवान लहरी आल्या आहेत. या जागेपणाच्या लहरी होत्या. पुढच्याच वर्षी लिंड्स्ली आणि मॅगून यांच्या गटाने उलट तपासणी केली. मध्यमेंदूच्या कडेने जाणाऱ्या संवेदनांच्या वाटा तोडल्या तरी मांजरं जागी राहत. वाटा शाबूत ठेवून गाभा नष्ट केला तर ती झोपाळलेली राहत. म्हणजे संवेदनांच्या वाटा असून पुरत नाही. जाग आणण्याचं काम गाभ्याचं होतं.

काही वर्षांनी पिसामध्ये मोरुझींच्याच गटाने छेद आणखी थोडा खाली, पॉन्सच्या मध्यावर दिला. ती मांजरं झोपण्याऐवजी जास्तच जागी राहू लागली. म्हणजे जागवणारा भाग त्या छेदाच्या वर होता आणि खालच्या भागात झोपेकडे ढकलणारं काहीतरी होतं.

मग हा जागेपणाचा स्विच आहे, असं म्हणायचं का?

कृपया नको. माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. स्विच एक असतो. इथे वेगवेगळ्या रसायनांनी बोलणारे अनेक गट शेजारी शेजारी राहतात. १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी पेशींतली ही रसायनं चकाकू लागतील अशा पद्धतीने या पेशींचे नकाशे काढले आणि एकजिनसी जाळीची कल्पना मोडायला सुरुवात झाली.

पॉन्सच्या वरच्या भागात लोकस सिरुलियस आहे. नावाचा अर्थ निळी जागा, कारण त्यातल्या रंगद्रव्यामुळे कापलेल्या मेंदूत ती नुसत्या डोळ्यांनाही निळसर दिसते. माणसात दोन्ही बाजूंच्या मिळून तिथे फक्त काही दहा हजार पेशी असतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन पोहोचवतात. जागेपणी त्या सर्वाधिक चालतात, झोपेत मंदावतात आणि स्वप्नांच्या आरईएम झोपेत जवळपास गप्प होतात. रॅफेच्या सेरोटोनिन पेशींचा क्रमही असाच. पॉन्स आणि मध्यमेंदूच्या सीमेवरच्या अ‍ॅसिटिलकोलीनवाल्या गटांपैकी अनेक पेशी मात्र जागेपणी आणि आरईएम झोपेत, दोन्ही वेळी चालू असतात. म्हणूनच आरईएममध्ये कॉर्टेक्सच्या लहरी जागेपणासारख्या दिसतात.

हे गट एकमेकांचे पर्यायही आहेत. उंदरांमध्ये यातला एकेक गट वेगळा नष्ट केला तर जागेपणाच्या एकूण तासांत फारसा फरक पडत नाही. उलट २०११ मध्ये फुलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पॉन्सच्या पॅराब्रॅकियल भागात मोठी इजा केल्यास उंदीर कोमासारख्या अवस्थेत जातात. या भागातल्या पेशी मुख्यतः ग्लुटामेट वापरतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन यांची नावं सर्वतोमुखी झाली, आणि जाग टिकवण्याचा बराच भार वाहणारं ग्लुटामेट मागे राहून गेलं.

झोप लागते तेव्हा ही जाळी बंद पडते का?

बंद पडत नाही, दाबली जाते. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या काही पेशी झोपेच्या वेळी या जागवणाऱ्या गटांना रोखतात आणि जागेपणी हे गट उलट त्यांना रोखतात. दोघांपैकी एकाची सरशी झाली की दुसरा पटकन माघार घेतो, त्यामुळे आपण अर्धवट अवस्थेत फार वेळ रेंगाळत नाही. हायपोथॅलॅमसमधल्याच, ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी जागेपणाचं पारडं स्थिर धरून ठेवतात. नार्कोलेप्सीच्या नेहमीच्या प्रकारात या पेशी नाहीशा होतात आणि माणूस दिवसाढवळ्या झोपेत घसरतो.

झोपेतही या भागाची राखण चालू असते. श्वास अडून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की पॅराब्रॅकियल पेशी मेंदूला जागं करतात. स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला रात्रभर वारंवार जाग येते, त्यामागे हीच राखण असते. ती जाग त्रासदायक असली तरी जीव राखणारी आहे.

स्वप्नात पळताना हातपाय का हलत नाहीत?

आरईएम झोपेत पॉन्समधला एक छोटा गट मेडुलाच्या मार्फत मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना दाबून ठेवतो. श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे मोकळे राहतात. ही व्यवस्था मिशेल जुवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांमध्ये दाखवली. माणसात ती बिघडली की झोपेतला माणूस स्वप्नाप्रमाणे लाथा मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो. शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. उतारवयात तो सुरू झालेल्या अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला आजार होतो. घरात कुणाला असं होत असेल तर ‘स्वप्नं पडतात जोरात’ म्हणून सोडून देऊ नका. झोपेच्या तज्ज्ञाला दाखवा.

हालचालींशी याचा काय संबंध?

फार जुना आणि फार जवळचा. तुम्ही कपाटाच्या वरच्या फळीकडे हात उचलता, त्याच्या आधीच पाय आणि पाठीचे स्नायू ताठ झालेले असतात, नाहीतर तोल गेला असता. ही पूर्वतयारी बऱ्याच अंशी रेटिक्युलोस्पायनल, म्हणजे या जाळीतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वाटांवरून होते. पॉन्समधून निघणारी वाट उभं ठेवणाऱ्या, अंग ताठ करणाऱ्या स्नायूंना बळ देते. मेडुलातून निघणारी मुख्यतः त्यांना सैल करते.

१९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्हस्की यांनी मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या मध्यमेंदूत विद्युत चेतना दिली. मांजर सरकत्या पट्ट्यावर चालू लागलं. चेतना वाढवली तर दुडक्या चालीने, आणखी वाढवली तर चौखूर धावलं. पावलांचा ठेका मज्जारज्जूत होता, पण चालू लागण्याचा हुकूम इथून मेडुलातल्या रेटिक्युलर पेशींमार्फत गेला. लॉरेन्स आणि कायपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांत कॉर्टेक्सकडून मज्जारज्जूकडे जाणारी मुख्य वाट तोडली, तरी काही काळाने ती चालू-चढू लागली. बोटांची नाजूक हालचाल मात्र परत आली नाही. पक्षाघातानंतर काही रुग्णांची मूठ आधी वळते आणि बोटं उघडणं मागे राहतं, ते समजून घेताना हा प्रयोग आठवतो.

दचकणंही इथलंच. अचानक मोठा आवाज झाला की पॉन्सच्या खालच्या भागातल्या राक्षसी आकाराच्या पेशी कॉर्टेक्सला न विचारता स्नायूंना कळवतात. पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटू लागते. आवाज कशाचा होता, हे आपल्याला नंतर कळतं.

श्वास आणि रक्तदाब?

मेडुलातल्या प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स या छोट्या गटातून श्वास आत घेण्याचा ठेका निघतो. १९९१ मध्ये फेल्डमन, स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या ब्रेनस्टेमच्या पातळ कापातही हा ठेका चालू राहतो हे दाखवलं. ना फुप्फुस, ना शरीर, तरी ठेका चालूच. अफूजन्य औषधांचा डोस जास्त झाला तर माणूस दगावतो, त्याचं मोठं कारण ही औषधं इथल्या आणि पॅराब्रॅकियल भागातल्या पेशींना दाबतात. नॅलोक्सोन हा त्यांचा उतारा वेळेत दिला तर तोच ठेका काही मिनिटांत परत येतो.

रक्तदाबासाठी मेडुलाच्या पुढच्या-बाहेरच्या भागातला एक गट रक्तवाहिन्या सतत थोड्या आवळून धरतो. दाब वाढल्याची खबर मानेतल्या धमन्यांकडून आली की तो गट आवरला जातो. खोकला, शिंक, उलटी, गिळणं यांचे जुळवलेले क्रमही मेडुलाच्या याच परिसरात बसलेले आहेत.

वेदना कमी करण्याशी याचा संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या नलिकेभोवतालच्या करड्या भागाला चेतना देऊन, भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया केली. तिथून संदेश मेडुलातल्या रॅफेच्या पेशींकडे जातो आणि तिथून खाली मज्जारज्जूकडे, जिथे वेदना आत शिरते. ही वाट वेदना दाबू शकते तशी वाढवूही शकते. अनेक दिवस टिकलेल्या दुखण्यात ती वाढवण्याच्या बाजूला झुकलेली असू शकते, म्हणून ‘दुखणं मनाचं आहे’ असं म्हणून रुग्णाला वाटेला लावणं चूक आहे. त्याच्या मज्जासंस्थेत खरोखर काहीतरी चाललेलं असतं.

भूल दिल्यावर हाच भाग झोपतो का?

काही अंशी. प्रोपोफॉलसारखी औषधं मेंदूत अनेक ठिकाणी काम करतात. डेक्समेडेटोमिडीन मात्र मुख्यतः लोकस सिरुलियसला शांत करतं आणि त्यामुळे येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. हाक मारली तर रुग्ण डोळे उघडतो.

थॅलॅमसचा रेटिक्युलर न्यूक्लियस याचाच भाग आहे का?

नाही. फक्त नावात साम्य आहे. तो थॅलॅमसभोवतीचा पातळ पापुद्रा आहे आणि थॅलॅमसला रोखण्याचं काम करतो. परीक्षेत ही गल्लत हमखास होते.

‘आपल्या आरएएसला ध्येय सांगा, तो संधी शोधून देईल’ हे खरं आहे का?

हा दावा व्याख्यानांत आणि चित्रफितींत इतका फिरतो, की स्पष्टच लिहितो: या स्वरूपात तो खरा नाही. नवी गाडी घेतल्यावर तशाच गाड्या सगळीकडे दिसू लागतात, हा अनुभव खरा आहे. पण गाडीचा रंग आणि आकार ओळखणं आणि त्याला महत्त्व देणं ही कॉर्टेक्स, थॅलॅमस आणि स्मृतीच्या यंत्रणांची कामं आहेत. वर सांगितलं तसे ब्रेनस्टेमपर्यंत पोहोचता पोहोचता बारकावे पुसले जातात. तिथे तुमच्या ध्येयांची यादी ठेवायला जागा नाही. तो भाग सावधपणाची पातळी ठरवतो, आणि त्यासाठी पुरेशी झोप हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

एमआरआयमध्ये हा भाग दिसतो का?

नेहमीच्या एमआरआयमध्ये ब्रेनस्टेम दिसतो, जाळीच्या कडा दिसत नाहीत. खास तंत्रांनी लोकस सिरुलियसचं रंगद्रव्य किंवा तंतूंच्या दिशा टिपता येतात, पण त्यांचा वापर मुख्यतः संशोधनात होतो. म्हणून ‘एमआरआय ठीक आहे’ याचा अर्थ जाळी ठीक आहे, असा लगेच होत नाही.

आमच्या रुग्णाने कोमात डोळे उघडले. तो शुद्धीवर आला का?

हा प्रश्न सगळ्यात कठीण जागेवरून येतो, म्हणून सावकाश उत्तर देतो.

जागं असणं आणि भान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉन्सचा वरचा भाग आणि मध्यमेंदू यांच्या गाभ्याला, विशेषतः दोन्ही बाजूंनी इजा झाली तर कोमा येतो. मेंदूला सूज येऊन तो खाली सरकला आणि मध्यमेंदू दाबला गेला तरीही येतो. पण ही अवस्था सहसा दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. जगलेल्या रुग्णात जागेपणाची व्यवस्था पुन्हा उभी राहते, डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र दिसू लागतं. मात्र कॉर्टेक्स किंवा थॅलॅमसची मोठी हानी झाली असेल तर उघड्या डोळ्यांमागे भान असेलच असं नाही. डोळे उघडणं हे चांगलं चिन्ह आहे, पण पुरेसं नाही. नजर तुमच्या मागे फिरते का, सांगितलेलं एखादं छोटं काम पुन्हा पुन्हा होतं का, हे दिवसातून वेगवेगळ्या वेळी बघावं लागतं आणि डॉक्टरांना सांगावं लागतं. तुम्ही तासन् तास उशाशी असता. तुमच्या नोंदींना किंमत आहे.

याच्या नेमकी उलट अवस्थाही असते. पॉन्सच्या फक्त पुढच्या भागाला, बहुधा ब्रेनस्टेमला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी बंद झाल्याने, इजा होते. हालचालीच्या सगळ्या वाटा तिथून जातात, म्हणून हातपाय, चेहरा, वाचा सगळं जातं. मागचा गाभा शाबूत असल्याने माणूस पूर्ण जागा असतो, ऐकतो, समजतो. डोळे वर-खाली हलवण्याची केंद्रं मध्यमेंदूत असल्यामुळे तेवढी हालचाल आणि पापणी उचलणं बाकी राहतं. प्लम आणि पोस्नर यांनी १९६६ मध्ये याला लॉक्ड-इन सिंड्रोम हे नाव दिलं.

म्हणून हालचाल न करणाऱ्या कुठल्याही रुग्णाला बेशुद्ध ठरवण्याआधी त्याच्या पापण्या हाताने उघडून, त्याच्या नावाने हाक मारून सांगायचं: वर बघा. आता खाली बघा.